फटफटीवरचा सांगावा

हल्ली आमच्या गल्लीत घरटी एक मोटरसायकल आहे. पोरं तिच्यावरून कॉलेजात जातात, भाजी आणतात, नाहीतर नुसतीच कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येतात. फाटकाशी गाडी थांबते, आवाज बंद होतो, आणि घरातलं कुणी मानसुद्धा वर करत नाही. मी करतो. कापसाचे दिवस आले की जास्तच करतो. आवाज बंद पडल्यापासून कुणी हाक मारेपर्यंत जो क्षण जातो, तो मला या वयातही नीट गिळता येत नाही. सून हसते. "बाबा, दूधवाला आहे," म्हणते. असेल बापडा.

आता पुन्हा ते दिवस आलेत. परवा सकाळी फिरायला म्हणून मोठ्या रस्त्यापर्यंत गेलो, तर कडुलिंबाच्या खालच्या फांद्यांना कापूस लागलेला. कापूस आता ट्रकांतून जातो, तेव्हा बैलबंड्यांतून जायचा, पण झाडं त्यातून आपला वाटा तसाच काढून घेतात. बाभळीच्या काट्यांवर तर असा काही अडकतो की लांबून झाड फुललंय असं वाटावं. हवेत जिनाचा, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याचा, वास होता. सरकी, तापलेलं वंगण आणि धूळ यांचा तो वास ज्याला माहीत नाही, त्याला सांगून कळणार नाही. आमच्याकडे पहिल्या वेचणीच्या आधी शेतात सीतादही करतात. दहीभात ठेवायचा, पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीच्या झाडाला, हळदकुंकू वाहायचं आणि मगच पहिलं बोंड खुडायचं. माझी आई, तिला आम्ही माय म्हणायचो, हे इतक्या मनापासून करायची की मला वकील होऊनसुद्धा त्यावेळी टोपी काढावीशी वाटायची.

मी सांगतोय तो हंगाम वऱ्हाड मध्यप्रांतात होता तेव्हाचा. म्हणजे कागदोपत्री आम्ही निजामाचे, हुकूम नागपूरचा, आणि नागपूरच्याही डोक्यावर गोरा साहेब. एका अंगणात तीन सासवा, असं आमचे बाररूममधले वकील म्हणायचे. पण रस्ता मात्र एकच होता. मुंबईकडून येणारा, बाळापूर, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा करत नागपूर आणि पुढे थेट कलकत्त्याला जाणारा. म्हातारी माणसं सांगत की सरकारनं नुसती खडी टाकली, रस्ता बादशाही काळापासूनचा आहे. हत्ती गेले, तोफा गेल्या, बंजाऱ्यांचे तांडे गेले. मला हे ऐकायला फार आवडायचं. हत्तींच्या वाटेवरून मी फटफटी हाकतो, याचा मला उगाचच अभिमान होता.

ती फटफटी म्हणजे माझ्या तरुणपणातला एकमेव शहाणपणा किंवा एकमेव मूर्खपणा, जे काय म्हणाल ते. जिनातला एक साहेब विलायतेला परत चालला होता, त्यानं ती विकायला काढली, मी घेतली. काळी, जड, गिअरचा दांडा टाकीच्या बाजूला, मागे सामान बांधायला लोखंडी जाळी. वकिली तेव्हा यथातथाच. कोर्टात कमी आणि रस्त्यावर जास्त, असा माझा लौकिक. रविवार आला की एकटाच निघायचो. काटेपूर्णेच्या पात्रापाशी थांबायचं, पाण्यात पाय सोडून बसायचं आणि परत यायचं. सोबत कुणी नको वाटायचं. बंड्यांची लांबच लांब रांग लागायची, कापसाच्या ढिगावर धुरकरी, म्हणजे गाडीवान, घोंगडं घेऊन निजलेले, बैल आपले आपण वाट तुडवताहेत. मी लांबूनच वेग कमी करायचो, बैल बुजू नयेत म्हणून. धुरकरी एक डोळा उघडून बघायचा आणि पुन्हा मिटायचा. सुख म्हणजे काय, असं मला त्या दिवसांत कुणी विचारलं असतं, तर मी हेच सांगितलं असतं.

मग त्या थंडीत ताप आला. कसला ताप ते डॉक्टर आपापसात ठरवत राहिले, तोवर माणसं जात राहिली. अकोल्याला जठारपेठेत आमच्या शेजारी दाजीबा म्हणून वृद्ध गृहस्थ होते, लग्नात पुढे, मर्तिकात त्याहून पुढे. एका सकाळी ते दारात उभे. शेजारच्या आळीतले एक आजोबा गेले होते. त्यांची मुलगी मूर्तिजापूरला दिलेली. बैलगाडी संध्याकाळी पोचेल, रेल्वेची वेळ नाही, आणि तार करायची म्हणजे पंचाईत. तेव्हा तार आली की घरात आधी रडारड व्हायची आणि मग ती वाचायला कुणालातरी बोलावलं जायचं.

"बापू, तुही फटफटी हाय. जाय," दाजीबा म्हणाले, "पन सांगावा कसा द्याचा, माईत हाय का तुले?"

मला माहीत नव्हतं. त्यांनी मला शिकवलं. गेले, असं कधी म्हणायचं नाही. तब्येत जास्त आहे, लगेच बोलावलंय, एवढंच म्हणायचं. बाईला सांगायचं नाही, घरातल्या पुरुषाला सांगायचं. बसायचं नाही. आणि मुख्य म्हणजे त्या घरचं पाणी प्यायचं नाही, अन्न खायचं नाही, कारण सांगावा पोचला की त्या घराला सुतक लागलं. ऐकणारा ऐकायचं ते ऐकतो. वाटेत त्याला वेळ मिळतो, मन तयार होतं, आणि घराच्या पायरीवर पोचेपर्यंत त्याचं त्यालाच कळलेलं असतं.

मी हे सगळं तेव्हा मान डोलावून ऐकलं. खरं सांगायचं तर मला ते आवडलंही. लोक आडदांड म्हणतात आम्हा वऱ्हाड्यांना. पुण्याच्या माणसाला आमचं बोलणं डोक्यात दगड घातल्यासारखं लागतं. पण मरणाची बातमी द्यायची वेळ आली की आम्ही केवढे हळवे होतो, असं मला वाटलं.

एकदा गेलो आणि अडकलो. त्या हंगामात मी किती सांगावे नेले ते मी मोजले नाहीत. बोरगाव, कुरणखेड, मूर्तिजापूर, कुरूम, बडनेरा. रस्ता तोच, झाडं तीच, पण रविवार संपला. लोक मला दुवा द्यायचे. बातमी वेळेवर पोचली, बापाचं तोंड बघायला मिळालं, असं म्हणत हात जोडायचे. मी आपला पुण्यवान माणसासारखा घरी यायचो आणि दारातच माय अंगावर पाणी ओतायची.

मग रस्त्याचे डोळे बदलले. आधी लक्षात आलं नाही. कुरणखेडच्या अलीकडे कापूस वेचणाऱ्या बायांची ओळ दिसायची, ओटी पोटाशी बांधलेली, हात सपासप चाललेले. फटफटीचा आवाज आला की सगळ्याजणी कंबर ताठ करून उभ्या राहायच्या. हाक नाही, हसू नाही. मी गावाकडे वळतो की सरळ जातो, एवढंच बघायच्या. मी सरळ गेलो की पुन्हा वाकायच्या. मी मागे वळून पाहिलं एकदा, तेव्हा मला ते दिसलं, आणि त्यानंतर त्या वळणावर माझा हात आपोआप वेग वाढवायला लागला.

मूर्तिजापूरच्या चौकात एक हाटेल होतं. मालक गप्पिष्ट. चहा पुढे करत तो हळूच विचारायचा, "वकीलसाहेब, आज कोन?"

"कोनीच नाई. हवा खायले निघालो."

"हां हां," म्हणायचा आणि पैसे घ्यायचा नाही. मी काही लपवतोय अशी त्याची खात्री. मी चिडायचो. चिडलो की त्याची खात्री आणखी पक्की व्हायची.

त्यातलं हसण्यासारखंही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हातारा रडतच बसलाय. बडनेऱ्याचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगी बघायला म्हणून मी ठरल्या दिवशी, इस्त्रीचा कोट घालून, फटफटीवरून गेलो. दारात गाडी थांबवली. उतरतोय तोच मुलीच्या आजीनं ओसरीवरून असा हंबरडा फोडला की शेजारची कुत्रीही उठली. तिचा मुलगा अकोल्याला नोकरीला होता. मी हात जोडून सांगतोय, आजी, मी नवरदेव आहे, मुलगी बघायला आलोय. कोण ऐकतो! ती शांत झाली तोवर पोहे थंड झाले होते आणि स्थळ मोडलं होतं. ज्याची फटफटी दारात नको, त्याला मुलगी कोण देणार? घरी आल्यावर भाऊजींनी हे ऐकलं आणि हसता हसता त्यांना ठसका लागला.

भाऊजी म्हणजे माधवराव, माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. अमरावतीला राजापेठेत त्यांचं घर, थोडी शेती, मोठा गोतावळा. कापूस पारखण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नसे, म्हणून दर हंगामाला अकोल्यात कापसाच्या गाठी बांधणाऱ्या एका प्रेसवर त्यांना बोलावणं यायचं आणि हंगाम संपेपर्यंत ते आमच्याकडे जठारपेठेत राहायचे. अक्का अमरावतीला, सासूपाशी. भाऊजी चिमटीत कापूस घेऊन तो हळूहळू ताणायचे, तंतू तुटेपर्यंत, आणि तुटला की कुणाच्या शेतातला असेल ते सांगायचे. रात्री जेवताना माझी टिंगल करायचे. "वकीलसाहेब, तुमची फटफटी आमच्या राजापेठेत नोका आनू बरं, माही माय जीव सोडन." आम्ही दोघंही हसायचो.

तो ताप जिनातल्या धुळीतून आला असेल, थंडीतून आला असेल, कसाही असो. भाऊजींना आला. तिसऱ्या दिवशी छाती भरली. सकाळी डॉक्टर तपासून बाहेर आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "शुद्धीवर आहेत. बायकोचं नाव घेताहेत. तिला आणवा. आजच आणवा."

आत गेलो तर भाऊजींनी डोळे उघडले. "आनतं का रे तिले?" एवढंच म्हणाले. मी म्हणालो, आणतो. माय त्यांच्या पायांना सुंठ चोळत बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

सकाळची रेल्वेगाडी निघून गेली होती. तार करून उपयोग नव्हता, ते वर सांगितलंच. फटफटी काढली. दाजीबा दारात उभे होते, त्यांनी तोंड उघडायच्या आधी मी म्हणालो, "जिवंत आहेत ते. सांगावा नाही हा." ते म्हणाले, "होय नं," आणि खाली बघितलं.

तो रस्ता मी इतक्यांदा गेलेला, पण त्या दिवशीसारखा कधी दिसला नाही. ऊन स्वच्छ होतं, तूर शेंगांनी लगडलेली, ज्वारी कंबरभर. बंड्यांच्या रांगा मूर्तिजापूरच्या बाजारी निघालेल्या, आणि मी पहिल्यांदाच वेग कमी न करता त्यांच्या बाजूनं गेलो. एका बंडीचे बैल बुजले, धुरकऱ्यानं मागून शिवी घातली. मला बरं वाटलं. इतक्या दिवसांत त्या रस्त्यावर मला कुणी साध्या माणसासारखी शिवी घातली नव्हती. कुरणखेडच्या बाया उभ्या राहिल्या आणि वाकल्या. मूर्तिजापूरला हाटेलवाला रस्त्यावर येऊन उभा होता, मी थांबलो नाही. कुरूमच्या पुढे बाभळीचा काटा टायरात गेला. रस्त्याच्या कडेला बसून ट्यूब काढली, ठिगळ लावलं. मनात एकच चाललं होतं की अक्काला दुपारची गाडी मिळाली पाहिजे. ती गाठली तर दिवस मावळायच्या सुमारास ती त्यांच्यापाशी बसलेली असेल. तिनं फक्त बसायचं होतं. जीव वाचवणं आमच्या हातात नव्हतं.

राजापेठेत शिरलो तेव्हा गल्लीत पाठोपाठ दारं उघडत गेली. भाऊजींच्या दारात गाडी थांबवली. आवाज बंद झाला. अंगणात भाऊजींची आई, सारी राजापेठ तिला काशीमाय म्हणायची, सुपात तूर पाखडत बसली होती. सूप तिच्या हातात तसंच राहिलं. अक्का स्वयंपाकघराच्या दारात आली.

"कोन?" काशीमायनं विचारलं.

आणि मी सांगितलं. जे खरं होतं तेच सांगितलं. "भाऊजींना ताप आहे. तब्येत जास्त आहे. अक्काला लगेच बोलावलंय."

शब्द तोंडातून बाहेर पडताना मला ते ऐकू आले आणि मी हादरलो. पण दुसरे शब्दच नव्हते. त्याच शब्दांनी मी सबंध हंगाम मरणं सांगितली होती. आता खऱ्या आजारी माणसासाठी मी कुठून वेगळे आणायचे?

काशीमायनं कपाळ जमिनीवर आपटलं. "माह्या माधव!" अंगणात बाया जमल्या. कुणीतरी चुलीवर पाणी ओतलं, तो फस्स आवाज मला अजून ऐकू येतो. मी ओरडून सांगत होतो, जिवंत आहेत, बोलताहेत, डॉक्टरांनी बोलावलंय. भाऊजींचे चुलते आबाजी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "राहू दे बापू. तू तुहं काम केलं. मोर्शीवाल्या भाऊबंदायले मानूस धाडतो. ते आले का सारे मिळून रातच्या गाडीनं येतो."

"रात्रीची नाही, दुपारची! आत्ता निघायला पाहिजे!"

"आता घाई करून का फायदा हाय?" ते इतक्या मायेनं म्हणाले की मला त्यांचा गळा धरावासा वाटला.

"मायची आन घेतो, आबाजी. जिवंत आहेत."

"सारेच आन घेतात, बाबू."

खरंच होतं. मूर्तिजापुरात, बडनेऱ्यात, मीसुद्धा घेतली होती. दाजीबांनी शिकवलेला तो हळवेपणा आता माझ्यासमोर भिंत होऊन उभा होता, आणि ती फोडायला माझ्यापाशी एकही शब्द नव्हता. मी अक्काकडे पाहिलं. ती रडत नव्हती. दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि उजव्या हातानं डाव्या मनगटातल्या बांगड्या घट्ट धरून होती. कुणी येऊन त्या काढून नेतील म्हणून धराव्यात तशा. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, मी काय बोलतो ते ऐकत नव्हती.

तेव्हा मला सुचलं. सुचलं म्हणण्यापेक्षा, दुसरं काही उरलंच नव्हतं. मी बूट काढले. रांजणापाशी गेलो, पाय धुतले. रडणाऱ्या बायांमधून वाट काढत स्वयंपाकघरात गेलो, भिंतीशी उभा केलेला पाट घेतला, मांडला आणि त्यावर मांडी घालून बसलो.

"भूक लागली," म्हणालो, "वाढा."

बाहेरचं रडणं एकदम उणं झालं. काशीमाय भिंतीला धरत दारात आली. "का म्हंतं?"

"सकाळपासून काही खाल्लं नाही. जेवल्याबिगर जात नाही मी."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग टोपल्यातली सकाळची भाकर काढली, बेसन, आमच्याकडचं पिठलं, वाढलं. मागे दारात बायांची गर्दी, आबाजी खिडकीत. सुतकाच्या घरात सांगावा घेऊन आलेला माणूस घास तोंडात घालतो का, हे बघायला सारी राजापेठ उभी होती. मी घास घेतला. तो तोंडात फिरत राहिला. गिळता येईना. आणि भुकेलेल्या माणसासारखं खायला तर हवं होतं, नाहीतर कोण विश्वास ठेवणार? मी पाण्याबरोबर तो उतरवला. दुसरा घेतला. तिकडे भाऊजी वाट बघत असतील, गाडीची वेळ जवळ येतेय, आणि मी इथे बसून बेसनभाकर खातोय. आयुष्यात इतकं घाईनं कधी हळू जेवलो नाही.

"कांदा नाई का?" मी विचारलं.

काशीमायच्या चेहऱ्यावर काहीतरी हाललं. "कांदा मांगते वो हा!" ती मागे वळून म्हणाली. कुणीतरी कांदा आणला. मी तो मुठीनं फोडला. ठेचा मागितला. आणखी एक भाकर मागितली. ती भाकर अक्कानं वाढली. वाढताना वाकली तेव्हा तिचा श्वास माझ्या कानाला लागला. मग ती बाजूला बसली आणि माझ्या हाताकडे बघत राहिली, ताटातून तोंडाकडे, तोंडाकडून ताटाकडे.

दुसरी भाकर संपत आली तसं आबाजींनी खिडकीतूनच अक्काच्या धाकट्या दिराला हाक मारली. "अबे, टांगा आन! बघत काय राह्यला!" मग एकच धावपळ. चूल पुन्हा पेटली, मेथ्या, सुंठ, देवाचा अंगारा, गाठोडी. काशीमाय रडत होती आणि हसत होती, माझ्या डोक्यावरून हात फिरवत होती. अक्का आणि तिचा दीर टांग्यात बसले. माझ्या फटफटीला मागे बसायला जागा नव्हती, नाहीतर मी तिला तशीच घेऊन गेलो असतो, लोक काय म्हणायचं ते म्हणोत. टांगा वळणावर दिसेनासा झाला आणि मी एकटा निघालो.

परतीचा रस्ता मला तुकड्यातुकड्यानं आठवतो. ऊन उतरायला लागलेलं, कडुलिंबांच्या सावल्या रस्त्यावर आडव्या. लोक म्हणतात एकट्यानं प्रवास केला की मन मोकळं होतं. होत असेल. मला तर त्या रस्त्यावर एवढंच कळलं की मी अन्नाची शपथ घेऊन आलोय, आणि ती शपथ खरी ठरवणं माझ्या हातात नाही. मी घास घेतला तेव्हा ते होते का? पुढच्या घासाला? कांद्याला? असले भयंकर हिशोब डोकं करत होतं आणि चाकं आपली खडीवरून धावत होती. एके ठिकाणी रूळ रस्त्याजवळ येतात. तिथे गाडीचा धूर दिसतो का म्हणून मागे बघितलं. दिसला नाही.

जठारपेठेत वळलो. आमच्या दारापुढे पुरुष उभे होते, डोक्याला पंचे. दाजीबा सर्वांत पुढे. मी गाडी बंद केली. माय दारात आली आणि म्हणाली, "बापू, जवाईची तब्येत जास्त झाली रे."

मलाच! पोटच्या पोराला, ज्यानं हा मंत्र गावोगाव म्हटला होता त्याला.

"माय," मी म्हणालो, "मले तरी सरळ सांग."

ती म्हणाली, "कवाचेच गेले. तू बोरगावच्या पुढं गेला नसशील, तवाच गेले. मी पानी पाजून राह्यली होती अन् ..."

म्हणजे मी काट्याचं ठिगळ लावत होतो तेव्हाही ते नव्हते. चूल विझवणाऱ्या बाया बरोबर होत्या. काशीमाय बरोबर होती. साऱ्या राजापेठेत चुकीचा माणूस एकटा मीच होतो, आणि मी त्यांना जेवून दाखवलं होतं.

पुढे या गोष्टीवरून पुष्कळ बोललं गेलं. सुतकाच्या घरात बसून, मागून मागून खाल्लं, म्हणून मोर्शीवाल्यांनी माझ्या हातचं पाणी सोडलं. काशीमाय मात्र ओळख ठेवून होती. अक्का पुढे आमच्याकडेच येऊन राहिली आणि आमच्याच घरात म्हातारी झाली. मी फटफटी त्याच हंगामात विकून टाकली. दाजीबा पुन्हा एकदा दारात आले होते, कुणाचा तरी निरोप होता. मी म्हणालो, नेतो, पण जाऊन सरळ सांगेन, गेले म्हणून. ते म्हणाले, "मंग नोको." मला त्यांचा राग आला होता. आज येत नाही. पण त्यांचं बरोबर होतं असंही मी म्हणणार नाही. आजारी माणसासाठी आपल्या भाषेत एक तरी वाक्य शिल्लक ठेवायला हवं की नको?

त्या संध्याकाळी मी स्टेशनवर गेलो. निघताना सगळ्यांनी बजावलं होतं. "ठेसनावर काई बोलजो नोको. घरी आल्यावर तिचं तिले समजन." फलाटावर कापसाच्या गाठी रचलेल्या, त्यांच्यावर सांजेचं ऊन. गाडी आली. अक्का बायकांच्या डब्यातून उतरली, हातात गाठोडं. मला पाहिलं आणि चालत चालत समोर येऊन थांबली. दीर अजून मागे सामान उतरवत होता.

मी म्हणालो, "अक्का, भाऊजी गेले."

तो शब्द मी त्या हंगामात पहिल्यांदाच उच्चारला. इतका छोटा शब्द आहे तो. गाडीचा धूर आमच्यावरून निघून गेला. मग ती हळूच, जणू मला समजावत असावी तशी बोलली.

"तू जेवून राह्यला होता नं, तवा मी एकच मांगत होती देवाले. याची भूक सरू नोको देऊ. तू ताटावर बसला होता तोवर मी सवाशीण होती, बापू. होती नं?"

"हो," मी म्हणालो.